सरकारदरबारी गाडगेबाबा

मीरा रोड आणि भाईंदरहून मुंबईकडे धावणाऱ्या सकाळच्या लोकलगाड्यांत नोकरदारांच्या गर्दीत अंग चोरून बसलेली काही माणसे हमखास दिसतात. हातात केसपेपरची पिशवी, एक्स-रेचे मोठे पाकीट आणि सोबतीला घरातले कुणीतरी. दादरला उतरून कुणी परळच्या टाटा रुग्णालयाकडे वळतो, तर कुणी गाडी बदलून भायखळ्याला जे. जे. रुग्णालयात जातो. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका झालेल्या या शहराला मोठ्या दुखण्यासाठी मुंबईची वाट धरण्याची सवय जुनी आहे. भाईंदर पश्चिमेला टेंभा येथे महापालिकेने रुग्णालय उभारले, त्याला पंडित भीमसेन जोशी यांचे नाव दिले आणि पुढे ते राज्य शासनाच्या हवाली केले. रुग्णालय बांधणे आणि ते चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून शहराला उमगले.

तरीही भाईंदरचा रुग्ण संध्याकाळच्या गाडीने घरी परतू शकतो. नंदुरबार, बुलढाणा किंवा सिंधुदुर्गातून आलेल्याला ती सोय नसते. सरकारी रुग्णालय रोग्याला खाट देते, औषध देते. परंतु त्याच्या आईने किंवा बायकोने रात्री कोठे पाठ टेकावी, भाकरी कोठे भाजावी, हे रुग्णालयाच्या नियमावलीत बसत नाही. जे. जे.च्या आसपास पदपथावर, झाडाखाली, व्हरांड्याच्या पायरीवर अशी माणसे वर्षानुवर्षे पडून असत. त्यांच्यासाठी १९५४ मध्ये या रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी राहिली. ती उभारणाऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हते. स्वतःच्या नावावर त्याची एक वीटही नव्हती. त्याची सारी मालमत्ता म्हणजे एक खराटा, एक फुटके मडके आणि अंगावरच्या चिंध्या.

संत गाडगेबाबांविषयी महाराष्ट्राला बरेच ठाऊक आहे. खराट्याने गाव झाडणारा आणि रात्री कीर्तनातून गावकऱ्यांच्या डोक्यातला कचरा काढणारा संत, हे चित्र शालेय पुस्तकांनी घरोघरी पोहोचवले. त्यामानाने कमी बोलले जाते ते त्यांच्यातील संस्था उभारणाऱ्या माणसाविषयी. सरकार, नगरपालिका, रुग्णालय, मंत्री यांच्याशी या फकिराचा सतत संबंध येत गेला आणि त्या व्यवहाराची एक स्वतंत्र रीत त्याने घालून दिली. आज स्वयंसेवी संस्था आणि शासन यांच्या भागीदारीची चर्चा होते, तेव्हा ही रीत तपासून पाहण्याजोगी आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. घराणे परिटाचे. वडील दारूपायी अकाली गेले आणि आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुरे येथे माहेरी आली. मामाची गुरे राखणे आणि मोठे झाल्यावर नांगर धरणे, हेच त्याचे शिक्षण. सावकाराच्या कागदांपुढे निरक्षर कुणबी कसा हतबल होतो, हे त्याने मामाच्या घरातच पाहिले. लग्न झाले, मुले झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू न देता त्याने गोडधोड वाढले, तेव्हा भाऊबंद रुष्ट झाले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षात, डेबूने घर सोडले. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे तो गावोगाव भटकत राहिला आणि डेबूचा गाडगेबाबा झाला.

या भटकंतीतच त्यांच्या कामाची दिशा ठरली. गावात शिरायचे, कुणाला न विचारता रस्ता, गटार, पाणवठा झाडून काढायचा, मोबदल्यात मिळालेली भाकरी मडक्यात घेऊन खायची आणि पुढे जायचे. खेड्यातील सफाईची जबाबदारी नेमकी कुणाची, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारत नव्हते आणि लोकल बोर्डाचे हात तिथवर क्वचितच पोहोचत. अर्जविनंत्या न करता बाबांनी कामालाच हात घातला. पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचनला दरवर्षी यात्रा भरे आणि स्नानाला उतरणारी माणसे चिखलात घसरत. १९०८ मध्ये तेथे घाट बांधला गेला. श्रमदान लोकांचे आणि पैसाही लोकांचाच. बाबांनी दिली ती ओढ.

त्यानंतर १९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळेचे काम सुरू झाले. वारीच्या दिवसांत चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसे जमत. त्यांपैकी ज्यांना अस्पृश्य म्हटले जाई त्यांना गावात छप्पर मिळणे अशक्यच होते. यात्रेकरूंचा निवारा, पाणी, शौचकूप हे खरे तर नगरपालिकेचे काम. परंतु नगरपालिका करील तेव्हा करील, तोवर वारकऱ्याने उघड्यावर भिजत राहावे, हे बाबांना मान्य नव्हते. पुढील काही वर्षांत पंढरपूरलाच मराठा धर्मशाळा झाली. नाशिक, देहू, आळंदी येथेही इमारती उभ्या राहिल्या. या धर्मशाळांत देवाची मूर्ती आणि पूजाअर्चा यांपेक्षा भांडीकुंडी, पाण्याची सोय आणि झाडलोट यांना मान अधिक होता.

बाबांचा पैशाचा व्यवहार पाहिला की या निरक्षर माणसाच्या व्यवहारबुद्धीचे आश्चर्य वाटते. ते पैशाला हात लावत नसत. कीर्तनाला शेठ-सावकार, गिरणीमालक, व्यापारी येत. त्यांनी पुढे केलेली रक्कम बाबा स्वतः घेत नसत, ती कामाकडे वळवत. कारभार विश्वस्तांकडे, हिशेब विश्वस्तांकडे. त्या कारभारात आपल्या नात्यागोत्यातील कुणालाही हक्क असू नये, यावर त्यांचा कटाक्ष होता. पत्नी कुंताबाई आणि मुलींच्या वाट्याला कष्टाचेच जिणे आले. १९२३ मध्ये तरुण मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली तेव्हा बाबा कीर्तनाच्या दौऱ्यावर होते. दौरा थांबला नाही. कुटुंबाच्या बाजूने पाहिले तर यात कठोरपणा होता, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. बाबांनी बांधलेल्या धर्मशाळांत बाबा स्वतः मुक्काम करत नसत. बाहेर एखाद्या झाडाखाली त्यांची पथारी असे.

मालकी नसल्यामुळे देऊन टाकणे सोपे गेले. १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी दिली. बाबासाहेब त्या वेळी केंद्रात कायदामंत्री होते. कायदामंत्र्याकडून धर्मशाळेसाठी सरकारी मदत मागावी, असा विचार एखाद्याने केला असता. येथे घडले ते उलट. मागण्याऐवजी बाबांनी तीन दशके जोपासलेली वास्तूच पुढे केली; वारकऱ्यासाठी बांधलेले छप्पर विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगी पडेल, एवढाच हिशेब. आपली संस्था, आपले नाव, आपली इमारत यांत अडकून पडलेल्या आजच्या अनेक विश्वस्त मंडळांना हा व्यवहार पचणे कठीण आहे.

सरकारशी त्यांचा थेट सामना झाला तो मात्र स्वतःच्या संस्थेसाठी नव्हे. त्यासाठी थोडे साताऱ्याकडे वळावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवणारे वसतिगृह भाऊरावांनी चालवले. त्यासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले. कमवा आणि शिका या तत्त्वावर १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. शासनाच्या व्हॉलंटरी शाळांच्या योजनेचा लाभ घेऊन संस्थेने डोंगराळ खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळांचे जाळे विणले; त्या शाळांची संख्या ५७८ वर गेली. सरकारी शिक्षणखाते जेथे पोहोचत नव्हते तेथे रयतचा शिक्षक पोहोचला, आणि त्याचा पगार बऱ्याच अंशी सरकारी अनुदानावर अवलंबून राहिला. भागीदारीचे हे सर्वांत यशस्वी रूप होते आणि धोक्याची जागाही तीच होती.

तो धोका १९४८ मध्ये प्रत्यक्षात उतरला. महात्मा गांधींच्या हत्येनंतर साताऱ्यासह अनेक जिल्ह्यांत जाळपोळ झाली, वातावरण तापले. भाऊरावांच्या एका भाषणावरून मुंबई राज्याच्या सरकारशी त्यांचे बिनसले आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर. हा काव्यगत न्याय म्हणायचा की अन्याय, कोण जाणे. पण खेर हे स्वतः स्वयंसेवी कामातून आलेले गृहस्थ. मीरा-भाईंदर ज्या ठाणे जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात त्यांनी आदिवासी सेवा मंडळ उभे केले होते. संस्था चालवणे म्हणजे काय, पैशाविना वसतिगृहातील चूल कशी विझते, हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती. तरीही राजकीय नाराजी आणि शाळेतील मुलांची भाकरी या दोन गोष्टी त्यांच्या सरकारला वेगळ्या ठेवता आल्या नाहीत. भाऊरावांचा स्वभावही वाकण्याचा नव्हता. रयतेकडून देणग्या आल्या, धान्य आले. पण शेकडो शाळांचा गाडा केवळ त्यावर चालणे शक्य नव्हते.

अशा वेळी गाडगेबाबा मुंबईत खेरांच्या भेटीला गेले. भाऊरावांचा गट, पक्ष, बोलणे, वागणे यांच्याशी बाबांना देणेघेणे नव्हते. गरिबाच्या पोरांची शाळा बंद पडू नये, एवढेच त्यांनी मांडले. खेरांच्या मनात बाबांविषयी आदर होता. दारूबंदीच्या धोरणाला, १९४९ मध्ये ज्याचा कायदा झाला, बाबांच्या कीर्तनांनी जेवढा आधार दिला तेवढा कुठल्या सरकारी फलकाने दिला नसेल. मुख्यमंत्र्यांना या माणसाला नकार देणे जड गेले, आणि पुढे रयतचे अनुदान पूर्ववत झाले. भाऊरावांनी हे ऋण विसरले नाही. १९५४ मध्ये कराडला महाविद्यालय सुरू झाले, त्याला त्यांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

ही कथा नेहमी गोड शेवटाची म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजूही आहे. अनुदान थांबले ते नियमाने नव्हे आणि सुरू झाले तेही केवळ नियमाने नव्हे. एका संताचा शब्द मध्ये पडावा लागला. ज्या संस्थेमागे गाडगेबाबा नव्हते, तिने काय करायचे? शासनाचा पैसा हा कुणा मंत्र्याचा प्रसाद नसून करदात्यांचा आहे आणि तो ठरलेल्या कामासाठी ठरलेल्या अटींवर मिळाला पाहिजे, ही समज रुजायला वेळ लागला. सार्वजनिक न्यासांवर देखरेख ठेवणारा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० मध्ये आला. धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, नोंदणी, वार्षिक हिशेब हे सारे त्यातून सुरू झाले. संस्थेने सरकारला हिशेब द्यावा, हे कायद्याने पक्के केले. सरकारने संस्थेला हिशेब द्यावा, हे मात्र तितके पक्के झाले नाही.

कायदा आल्यावर दोनच वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९५२ रोजी, गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. बाबांचे वय शहात्तर होत आले होते, प्रकृती ढासळत होती. विखुरलेल्या धर्मशाळा, गोरक्षण, सदावर्ते, शाळा यांना एक चौकट हवी होती. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले, आणि बाबांचे नाव मुंबईच्या वाचकवर्गात अधिक पोहोचले.

जे. जे.ची धर्मशाळा ही या अखेरच्या पर्वातील. या रुग्णालयाचा जन्मच मुळी दानशूर नागरिक आणि सरकार यांच्या करारातून झालेला. जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये देऊ केले, ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने तितकीच भर घातली आणि १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले. सरकार ते चालवू लागले आणि शंभर वर्षांत ते अफाट वाढले. खाटा वाढल्या, डॉक्टर वाढले, शिक्षण वाढले. रोग्यासोबत येणारा माणूस मात्र कुणाच्याच जमाखर्चात आला नाही. बाबांनी नेमकी ती रिकामी जागा भरली. त्यांनी दुसरे रुग्णालय काढले नाही आणि सरकारच्या कामावर टीकेची झोडही उठवली नाही. सरकारी इमारत जेथे संपते तेथून त्यांची धर्मशाळा सुरू झाली. डॉक्टरांनी रोगी बरा करावा, त्याला भरवणाऱ्या हातांची काळजी समाजाने घ्यावी, अशी ही कामाची वाटणी होती.

दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा झाली तीही याच वाटेने, त्यांच्या पश्चात. तिचा आसरा प्रामुख्याने टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या नातलगांना मिळतो. टाटा रुग्णालयाची कहाणीही येथे आठवते. सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये ते सुरू केले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. न्यासाने बांधलेले रुग्णालय सरकार चालवते आणि त्या सरकारी रुग्णालयातील रुग्ण पुन्हा एका न्यासाच्या धर्मशाळेत उतरतो. किमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमधले आठवडे काढण्यासाठी परवडणारी खोली मिळाली नाही, तर गावाकडचा रुग्ण उपचार अर्धवट टाकून परत जातो. औषध मोफत मिळून भागत नाही.

सरकारी माणसांशी बाबांचे वागणे सरळ होते. मंत्री कीर्तनाला आला तर त्याने श्रोत्यांत बसावे, एवढीच त्याची पायरी. पोलीस, शिपाई, सफाई कामगार हेही त्यांच्या लेखी श्रोतेच. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले. गणवेशातील माणसे आणि त्यांची बायकामुले समोर बसली होती. कर्ज काढून सण करू नका, दारूला शिवू नका, मुलांना शिकवा, भाकरी हातावर घेऊन खा पण शाळा सोडू देऊ नका, या त्यांच्या नेहमीच्याच सांगण्याची उजळणी झाली. ते कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, म्हणून बाबांचा आवाज आज ऐकायला मिळतो. हे त्यांचे अखेरचे कीर्तन ठरले. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. आजारी बाबांना तो धक्का मोठा होता. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला.

मृत्यूनंतर सरकारने त्यांना जवळ केले. २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. त्याआधी, २०००-०१ मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले. या अभियानात नाव बाबांचे होते आणि काही प्रमाणात रीतही. आधी अनुदान आणि मग काम हा सरकारी क्रम त्यात उलटला. गावाने स्वतःच्या श्रमाने आणि पैशाने गाव स्वच्छ करायचे, शौचालये बांधायची, तपासणी समिती येऊन गुण देणार आणि मग बक्षीस. हजारो गावे त्यात उतरली. केंद्र सरकारच्या निर्मल ग्राम पुरस्कारालाही त्यातून प्रेरणा मिळाली. काही गावांनी बक्षिसाच्या वर्षापुरता झाडू हातात घेतला हेही खरे, पण अनेक ठिकाणी बदल टिकला.

शहरांत ही रीत तितकी लागू पडली नाही. नागरी भागासाठीही बाबांच्या नावाने अभियान आले. फलक लागले, पदाधिकाऱ्यांनी खराट्यासह छायाचित्रे काढून घेतली. मीरा-भाईंदरचा कचरा मात्र उत्तनच्या धावगी डोंगरावर साठत गेला आणि त्याच्या दुर्गंधीविरुद्ध तेथील ग्रामस्थांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. झाडलेला कचरा दुसऱ्याच्या दारात लोटणे बाबांच्या सफाईत बसत नव्हते. शहराची घनकचरा व्यवस्था खराट्याने आणि श्रमदानाने उभी राहत नाही; तिला जमीन, यंत्रे, कंत्राटे आणि त्या कंत्राटांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारे नागरिक लागतात.

बाबांच्या पश्चात मिशनचे काम धर्मशाळांपुरते राहिले नाही. आदिवासी आणि भटक्या समाजांतील मुलांसाठी आश्रमशाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली. एवढा पसारा केवळ कीर्तनाच्या झोळीवर चालणार नव्हता. या शाळांना शासनाचे अनुदान मिळू लागले आणि त्याबरोबर तपासणी, पटपडताळणी, शिक्षकांची मान्यता, मंजूर पदे हेही आले. भाऊरावांच्या शाळांसाठी ज्या अनुदानाची रदबदली करायला बाबा मुंबईला गेले होते, त्याच अनुदानाच्या नियमांत आता त्यांच्या नावाच्या आश्रमशाळा चालतात. अमरावतीच्या गाडगेनगरातील समाधीवर दर डिसेंबरात गर्दी होते, आणि तेथेही दिवसाची सुरुवात आवार झाडण्याने होते.